दप्तरातील नावे रस्त्यावर येतात तेव्हा



सरकारी दप्तर म्हटले की गरिबाच्या मनात धास्ती उभी राहते. आपले नाव तेथे कोणी व कशासाठी लिहिले, हे त्याला ठाऊक नसते. परंतु ज्या नोंदीने माणूस घरातून उठविला जातो, तीच नोंद पुढे त्याचे घर जगाला दाखवू शकते. हे कसे घडते, ते जर्मनीतील कोलोन शहराच्या उदाहरणावरून पाहा.

१७ मे १९३९ रोजी नाझी राजवटीने शिरगणती केली. तीत एक पुरवणी पत्रक भरून घेतले. तुमच्या आजी-आजोबांपैकी ज्यू कोण, हा त्यातील प्रश्न होता. माणूस काय करतो याला किंमत नव्हती. तो कोणाच्या वंशात जन्मला एवढेच पाहावयाचे होते. लोक ज्यांना तुच्छतेने जिप्सी म्हणत, त्या रोमा व सिंती लोकांचीही अशीच निराळी नोंद झाली. मे १९४० मध्ये त्यांतील सुमारे १,००० स्त्रिया, पुरुष व मुले कोलोनहून आगगाडीने जर्मनव्याप्त पोलंडात धाडण्यात आली.

पन्नास वर्षांनी, १९९० साली, गुंटर डेमनिग या कलावंताने त्यांच्या त्या शेवटच्या वाटेवर, थेट डॉइट्झ स्थानकापर्यंत, रस्त्यावर अक्षरे उमटविली. त्या खुणांचे काम चालू असता एका वृद्ध बाईने त्याला सांगितले की, आमच्या वस्तीत असले लोक कधी राहिलेच नाहीत. विचार करा! माणसे गेली, आणि ती शेजारी होती ही आठवणदेखील गेली.

यावर डेमनिगने साधा उपाय योजिला. ज्या घरात माणूस अखेरचा आपल्या मर्जीने राहिला, त्या घरासमोरच्या पदपथात पितळी पत्र्याचा १० सेंटीमीटरचा दगड बसवावयाचा. त्यावर नाव, जन्मवर्ष आणि शेवट काय झाला एवढेच. वाचणाऱ्याला मान लववावी लागते. मे २०२३ मध्ये असा एक लाखावा दगड बसला.

परंतु कोण कोठे राहत होता, हे कळते कसे? दप्तरांतूनच! जुन्या पत्त्यांच्या याद्या, पोलिसी कागद आणि १९३९ ची ती पुरवणी पत्रके आज अभ्यासकांना खुली आहेत. गावोगावचे नागरिक आणि शाळकरी मुले ती चाळून एकेक नाव शोधतात. दगडावर जागा थोडी. म्हणून तेथील पश्चिम जर्मन नभोवाणीने २०२२ साली आपल्या प्रांतातील १५,००० हून अधिक दगडांची माहिती मोबाइलवर आणली. पादचारी चालू लागला की नकाशा जवळचा दगड दाखवितो. त्या माणसाची हकिकत वाचता येते, ऐकता येते. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाण्याच्या वाटाही आखून दिल्या आहेत. रोजच्या बाजाराच्या रस्त्यावर, याच उंबऱ्यातून एक कुटुंब नेले गेले, हे त्याला कळते. मग आमच्या वस्तीत असे कोणी नव्हते, असे म्हणावयास जागा उरत नाही.

याला विरोधही झाला. म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यात हे दगड बसवू दिले नाहीत. तेथील ज्यू समाजाच्या पुढारी शार्लोट क्नोब्लोख यांनी स्वतः तो छळ भोगला आहे. मृतांची नावे पायदळी येऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. म्हणून त्या शहरात भिंतींवर व खांबांवर नावे लावली जातात. ज्यांचे दुःख, त्यांच्या मानाचा विचार आधी झाला पाहिजे.

बंधुभगिनींनो, यातून काय घ्यावयाचे? ज्यांची नोंद इतरांनी केली, त्यांनी ती नोंद वाचावयास शिकले पाहिजे. दप्तर खुले करण्याची मागणी हा केवळ विद्वानांचा हट्ट नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. आपल्या मुलांना जुने कागद वाचावयास शिकवा, वडीलधाऱ्यांना गल्लीतील घरांची नावे विचारून लिहून ठेवा, आणि मुलांना त्या वाटेने पायी घेऊन जा. ज्या रस्त्यावर माणसाचे नाव वाचता येते, त्या रस्त्यावर तो येथे नव्हताच असे खोटे बोलणे अवघड होते.