ज्याचा खाऊ, त्याला वाचता येत नाही

नेरूळला माझी एका खोलीची कचेरी आहे. लोणची, मसाले, चिवडा अशा घरगुती उद्योगांसाठी मी पाकिटांची डिझाइनं करते. काही वर्षांपूर्वी एक बाई वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, हा कुत्र्यांचा खाऊ. पाकिटावर ‘नैसर्गिक’ असं चांगलं मोठ्ठं लिहा!’’

मी हौसेनं कामाला लागले. खाकी कागद, पानांची नक्षी आणि माल दिसावा म्हणून मोठी पारदर्शक खिडकी. पाकीट देखणं झालं. पण त्यात दोन चुका होत्या.

पहिली खिडकीची. वाळवलेल्या मांसाचे शत्रू म्हणजे ओल, हवा आणि उजेड. आमच्या खाडीकाठच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. खाकी कागद दिसतो साधा. ओल अडवतो तो त्याच्या आतला प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा थर. खिडकीतून उजेड शिरला की चरबी लवकर खवट होते. नैसर्गिक दिसण्याच्या नादात मालच नासत होता.

दुसरी चूक मनाला लागली. ‘लहान तुकडे करून, जवळ बसून द्या, पाणी ठेवा’ ही सूचना मी मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत टाकली होती. शेजारच्या आजोबांनी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला अख्खी पट्टी दिली. ती घशात अडकली. डॉक्टर वेळेवर भेटले म्हणून कुत्रं वाचलं. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘बाळ, चष्मा लावूनही दिसलं नाही गं.’’

नवी मुंबईकरांना आठवत असेल, ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती. कारखान्यातला रंग कासाडी नदीत गेला आणि ही कुत्री त्या पाण्यात उतरली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. मुक्या जनावराला धोक्याची पाटी वाचता येत नाही, तसं पाकीटही वाचता येत नाही. लाल-हिरव्यातला फरकही कुत्र्याला नीट कळत नाही. म्हणजे भडक लाल पाकीट असतं ते मालकासाठी!

मी डिझाइन नव्यानं केलं. खिडकी काढली. बाई म्हणाल्या, ‘‘माल दिसला नाही, तर घेणार कोण?’’ मी म्हटलं, ‘‘आत काय आहे ते ठळक लिहू.’’ निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता हे तर पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार लागतंच. त्याखेरीज समोरच्या बाजूला घटक आणि कसं खायला घालायचं, तेही ठसठशीत अक्षरांत. ‘नैसर्गिक’ हा शब्द लहान केला. द्राक्षं, बेदाणे, कांदा हेही नैसर्गिकच, पण कुत्र्याला ते विषारी ठरू शकतात. तेव्हा पाकीट घेताना तो एक शब्द पाहून थांबू नका, उलटून सगळं वाचा.

आजोबा आता संध्याकाळी पाकीट हातात धरून सूचना मोठ्यानं वाचतात, मगच तुकडे करतात. कुत्रं तोवर शेपटी हलवत ऐकत बसतं. वाचता येत नसलं, तरी त्याला आजोबांचा आवाज कळतो.