मधुमेह आणि पायाचे रक्षण



मधुमेहाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या घरांत साखर, चहा आणि पथ्य यांचीच चर्चा होते. पायांची आठवण होते ती पाय कापण्याची वेळ आल्यावर. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी निघाली. तेव्हा हे संकट परक्याचे, असे कोणत्याच कुटुंबाने समजू नये.

पाय एका कारणाने जात नाही. प्रथम मज्जातंतू बधिर होतात. मग काटा रुतला, चप्पल लागली, तरी कळत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की, बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे इजा होत राहते आणि ती जातात. मधुमेही पायाचे तसेच आहे. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की जखम भरत नाही, आणि जंतुदोष हाडापर्यंत पोचला की पुष्कळदा तेवढा भाग काढावाच लागतो. विडी-सिगारेट ओढणारा, मूत्रपिंड बिघडलेला, पूर्वी क्षत झालेला किंवा एखादे बोट गमावलेला, यांस भय अधिक.

हनुमान जयंतीस आपल्या शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीस कित्येक जण पायी जातात, काही अनवाणी. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्याच्या तळव्यास खडाही समजत नाही त्याने सुमारे 25 किलोमीटर अनवाणी चालू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. कुरूप ब्लेडने तासणे व बधिर पायास शेक देणे, हे घरगुती उद्योगही तितकेच घातक.

सर्वांत मोठे कारण मात्र उशीर हेच होय. 1956 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, गावातच आहे. तरी जखमेवर हळद दाबून आठवडे काढले जातात. दुखत नाही म्हणून! डॉक्टरांनी एक बोट काढावयास सांगितले, तर नातलग रुग्णास घरी नेतात, आणि पुढे कित्येकदा गुडघ्याखालून पाय द्यावा लागतो. गृहिणी तर स्वतःची जखम कोणास दाखवीतच नाहीत. ती घरातल्यांनीच विचारून पाहिली पाहिजे.

तळव्यास नायलॉनचा बारीक तंतू टेकवून 10 ग्रॅमचा दाब कळतो की नाही, हे डॉक्टर क्षणात पाहतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी आपण होऊन मागावी, आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसह दोन्ही तळवे दिव्याखाली पाहावेत. वाकवत नसेल तर आरसा धरावा.