समोर बसलेला माणूस



ज्या शाळेत बाकावर बसून ऐकले, तिच्याच व्यासपीठावरून बोलण्याची वेळ आली म्हणजे मनाला संकोच होतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींची एक सवय आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. मुलगा काही विचारू लागला की ते हातातले पुस्तक मिटून ठेवीत. आजचा विषय निवडताना ते मिटलेले पुस्तकच माझ्या डोळ्यांपुढे होते. म्हणून येथे येण्यापूर्वी मी माझा मोबाईल मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवून आलो आहे. आणि खरे सांगतो, हात दोनदा खिशाकडे गेला.

आपल्या देशात मोबाईलवरून पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. त्या काळी आपली सारी भिस्त एस.टी.डी. बूथवर होती. काचेच्या खोलीत उभे राहून, मीटरच्या पळत्या आकड्यांकडे पाहत नागपूरच्या मुलाशी तीन मिनिटे बोलायचे. बोलणे तुटक असे. पण त्या तीन मिनिटांत आपण दुसरीकडे कोठे नसू. 2016 साली इंटरनेट स्वस्त झाले आणि बोलण्याची काटकसर संपली. तिच्याबरोबर लक्षही पातळ होईल, याचा अंदाज आपणांस आला नाही.

दोष केवळ आपल्या मनोनिग्रहाचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. बोटाने सरकवीत राहावे आणि पान कधी संपूच नये, अशी रचना 2006 साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने केली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाचे प्रकरण संपते, तेथे वाचक मान वर करतो. येथे मान वर करण्याची जागाच काढून टाकली आहे.

मी उपदेशकाच्या भूमिकेतून बोलत नाही. काही वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ सांगतो. ओसरीवर वडील आमच्या संत्र्याच्या बागेतली विहीर कशी खोदली गेली ते सांगत होते. मी 'हो, हो' म्हणत होतो आणि अंगठा चालू होता. वाचण्याजोगे काही नव्हते. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. थोड्या वेळाने जाणवले की ओसरी शांत आहे. मी म्हटले, ''मग काय झालं, बाबा?'' ते म्हणाले, ''तू वाच. मग सांगेन.'' त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्याच हिवाळ्यात ते गेले. विहीर अजून आहे. खडक किती हातांवर लागला, पाणी कोणत्या अंगाने फुटले, हे आमच्या घरात आता कोणालाच ठाऊक नाही.

गेलेल्या वेळेपेक्षा मोठे नुकसान हे आहे. बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर चालतो. ते डोळे खाली गेले की तो आधी बोलणे आखडतो, नंतर विषय काढणेच सोडतो. भांडण होत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर कोणी काही केले आहे काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी एक कल्पना मांडली आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, महिलांच्या सभेत निर्णय झाला. देवळावर भोंगा बसला. सायंकाळी 7 वाजता भोंगा होतो. घराघरांतले दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करायचे, ते साडेआठपर्यंत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन लोकांना समजावले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने 18 वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. हेतू चांगलाच होता. तथापि मला वडगावची रीत अधिक प्रामाणिक वाटते. तेथे बापालाही मोबाईल बाजूला ठेवावा लागतो. मुलाने कोणाचे पाहून मान खाली घालायला शिकले, हा प्रश्न बंदीच्या ठरावात येत नाही. आणि सातची ती वेळ म्हणजे आपली जुनी दिवेलागण! देवापुढे निरांजन लावून घरातली माणसे एकत्र येत, त्याच घटकेला त्या गावाने नकळत पुन्हा हात घातला.

एक अडचण मात्र मी स्वतःच उपस्थित करतो. आपल्या सावरगावातून, पांढुर्ण्यातून कितीतरी मुले नागपूर-पुण्याला नोकरीस गेली आहेत. त्यांचा फोन संध्याकाळीच येतो. आजीला नातवाचे तोंड त्याच पडद्यावर दिसते. जवळच्याला दूर करणारे यंत्र दूरच्याला जवळ आणते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझ्या मते तो फोन या विषयात येतच नाही. कारण त्या वेळी आजी पूर्णपणे नातवापाशी असते. गफलत होते ती नातवाशी बोलणे संपल्यावर यंत्र हातातच राहते तेव्हा.

उद्या जाम नदीच्या या काठावर कोणाला वडगावसारखी वेळ ठरवावीशी वाटली, तर पुण्याच्या फोनची सोय आधी पाहावी लागेल. कदाचित सातऐवजी जेवणाची वेळ धरावी लागेल. दीड तास न जमल्यास अर्धा. हे तपशील मी ठरवू नयेत. मोहल्ल्याची बैठक घ्यावी, आणि वडगावप्रमाणे बायकांना त्या बैठकीत पुढे बसवावे. घरात कोणाचे बोलणे अर्धवट राहते, ते त्यांना अधिक ठाऊक असते.