ओरखड्याची किंमत कोणी ठरवायची?

(मस्तगड, जालना येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाड्याच्या मोटारीवरून होणारे तंटे हा कष्टकऱ्यांच्या चळवळीचा विषय कसा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटार ही दीर्घकाळ सधनांची वस्तू होती. परंतु परिस्थिती पालटली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सारा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगाराचा मुलगा आज पुण्यात नोकरी करतो आणि आईला इस्पितळात न्यायचे असले किंवा बहिणीचे लग्न असले की, स्वतः चालवायची गाडी दोन दिवसांसाठी भाड्याने घेतो. त्याच्या मालकीची मोटार नाही, म्हणूनच तो भाडेकरू आहे. हा प्रश्न मोटारवाल्यांचा नसून मोटार नसलेल्यांचा आहे.

समजा, दोन दिवसांचे भाडे चार हजार आणि अनामत पाच हजार रुपये ठरली. गाडी घेताना अंधार होता, घाई होती. मोबाइलच्या पडद्यावर करारपत्राची दहा-बारा पाने सरकली आणि 'मान्य' या शब्दावर बोट टेकले. परत करताना कंपनीचा माणूस दाराखालचा एक ओरखडा दाखवतो. दुरुस्तीचे साडेसात हजार, गाडी दुरुस्तीत राहील त्या दिवसांचे बुडालेले भाडे वेगळे, धुलाईचे वेगळे. आठ दिवसांनी वेगमर्यादा ओलांडल्याच्या दंडाची पावती येते आणि तिच्यावर कंपनीचे 'सेवाशुल्क' चढलेले असते. अनामत तर गेलीच, वर आणखी मागणीही उभी राहते.

या व्यवहारात अन्याय नेमका कोठे आहे? नुकसानभरपाई मागण्यात तो नाही. भाडेकरूच्या निष्काळजीपणाने गाडी ठोकली गेली असेल, तर त्याने भरपाई दिलीच पाहिजे. बेपर्वाईला पाठीशी घालणे हे कोणत्याही चळवळीचे काम नव्हे. अन्याय आहे तो भूमिकांच्या एकत्रीकरणात. तक्रार करणारी कंपनी, नुकसानीची किंमत ठरवणारी कंपनी, निवाडा देणारी कंपनी आणि पैसा आधीच हातात असल्यामुळे वसुली करणारीही कंपनीच. वादी, पंच, न्यायाधीश आणि वसुली कारकून या चारही खुर्च्यांवर एकच पक्ष बसला, तर निकाल काय लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

अर्थशास्त्रात या रोगाचे निदान जुने आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, एका पक्षाला वस्तूची खरी माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा बाजारात किंमत न्याय्य राहत नाही. या कार्याबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भाड्याच्या गाडीवर आधीचे ओरखडे किती, हे कंपनीला ठाऊक असते. दोन दिवसांच्या भाडेकरूला नसते. त्यात सौदाशक्तीची विषमता मिसळली की, जाहिरातीतील भाडे कमी ठेवून खरी कमाई जोडआकारांतून करण्याचा मोह आवरत नाही.

कायदा मात्र समजला जातो तितका दुबळा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू तात्पुरती ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे. कलम १५१ प्रमाणे, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही वस्तू बिघडली, तर कलम १५२ प्रमाणे तो जबाबदार नाही. मात्र वेगळा करार केला असेल तर गोष्ट निराळी. कंपन्यांची लांबलचक करारपत्रे या 'मात्र'मधूनच जन्म घेतात. उलट, कलम १५० मालकाला बांधते. वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातील दोषामुळे झालेल्या नुकसानीला, तो दोष मालकाला माहीत असो वा नसो, मालकच जबाबदार आहे. झिजलेल्या टायरची किंवा निकामी ब्रेकची किंमत भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

कलम ७४ त्याहून महत्त्वाचे आहे. करारात दंडाची रक्कम लिहिली आहे, एवढ्यावरून ती सगळी मिळत नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुकसान झालेच नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तेथे ते सिद्ध केलेच पाहिजे. ओरखड्याचे नुकसान सिद्ध करणे अवघड मुळीच नाही. गॅरेजचे बिल दाखवले की झाले. बिल नसेल, गाडी तशीच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला भाड्याने गेली असेल, तर मागणीचा पायाच ढासळतो.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागला. अवाजवी अनामत मागणे, झालेल्या नुकसानीच्या मानाने अतोनात दंड लादणे, या गोष्टी त्याने 'अन्याय्य करारा'च्या व्याख्येतच घातल्या आहेत. असे कलम रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे; सदोष सेवा व अनुचित व्यापारी प्रथा यांची दाद जिल्हा आयोगाकडे मागता येते. गाडी गोव्यात घेतली असली तरी जालन्यात राहणाऱ्याला जालन्याच्या जिल्हा आयोगात तक्रार नोंदवता येते. ग्राहकाला कंपनीच्या दारी खेटे घालावे लागत नाहीत, ही या कायद्याची मोठी देणगी होय. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; वकील हवाच असे नाही; मुदत दोन वर्षांची आहे. नको असलेला विमा आपोआप गळ्यात मारणे किंवा किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे या क्लृप्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंध केला आहे.

हा रोग केवळ भारताचा आहे असेही नाही. जुलै २०१५ मध्ये अ‍ॅव्हिस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ व सिक्स्ट या पाच बड्या कंपन्यांना युरोपीय आयोगापुढे आश्वासन द्यावे लागले की, नुकसानीचे पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला पुरावा दाखवू व हरकत घेण्याची संधी देऊ. अमेरिकेत तर भाड्याच्या गाड्या चोरल्याच्या चुकीच्या तक्रारींमुळे निरपराध ग्राहक गजाआड गेले. डिसेंबर २०२२ मध्ये हर्ट्झने असे ३६४ दावे सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर देऊन मिटवले. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनीही याची नोंद घ्यावी. युरोपातील आश्वासने कंपन्यांच्या औदार्यातून आली नाहीत. ग्राहकांच्या तक्रारी साचल्या आणि सार्वजनिक यंत्रणेने दट्ट्या लावला, तेव्हा ती आली.

मग भाडेकरूने करावे काय? गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काचा, टायर, छत, आतील आसने, इंधनाचा काटा व किलोमीटरचा आकडा यांचे सलग चित्रीकरण करावे आणि ते तेथेच कंपनीच्या क्रमांकावर पाठवावे. परत करताना पुन्हा तसेच करावे व 'गाडी मिळाली' अशी लेखी पोच घ्यावी. मूळ चित्रफीत पुसू नये. नुकसानीची मागणी आली की तोंडी हुज्जत घालू नये. लेखी चार गोष्टी मागाव्यात: आधीची व नंतरची छायाचित्रे, दुरुस्तीचे बिल, बुडीत भाड्याचा हिशेब आणि विमा कंपनीकडून काय मिळाले याचा खुलासा. एकच नुकसान विम्याकडून आणि ग्राहकाकडून दोनदा वसूल होता कामा नये. क्रेडिट कार्डावरून पैसे कापले असतील, तर बँकेकडे त्वरित लेखी हरकत नोंदवावी. उत्तर आले नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आणि त्यानंतर जिल्हा आयोग.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. स्वतः चालवायच्या अधिकृत भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. त्यासाठी १९८९ ची 'रेंट-ए-कॅब' योजना आहे. गोव्यात व इतरत्र पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या स्वस्तात दिल्या जातात. अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. बेकायदा धंदा करणाऱ्या मालकाला न्यायालयात जाणे परवडत नाही. म्हणून हातातील अनामत आणि ठेवून घेतलेला मूळ परवाना हेच त्याचे न्यायालय बनते. मूळ कागदपत्र ओलीस ठेवून गाडी कधीही घेऊ नये.

याच व्यवहाराची अधिक क्रूर बाजू शहरांत दिसते. कंपनीची गाडी रोजच्या भाड्याने घेऊन टॅक्सी चालवणाऱ्या चालकाची अनामत अशाच 'नुकसानी'पोटी कापली जाते. पर्यटकाची सहल बिघडते, चालकाची चूल विझते. करार कायद्याची वर सांगितलेली कलमे त्यालाही लागू आहेत. परंतु एकटा चालक ती वापरू शकत नाही, कारण उद्याची गाडी त्याच कंपनीकडून मिळायची असते.

येथेच संघटनेचे काम सुरू होते. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी उगारली, तेव्हा तेल-साखरेचा भाव हा राजकारणाचा प्रश्न आहे हे महाराष्ट्राला कळले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि ग्राहकाच्या प्रश्नाला कायमचे संघटित रूप मिळाले. आजचे शोषण दुकानाच्या तराजूवरून मोबाइलच्या करारपत्रात गेले आहे. तेवढ्यावरून त्याचे स्वरूप बदललेले नाही. मस्तगडसारख्या प्रत्येक वस्तीत दोन-तीन कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून बसावे, तक्रारीचा मसुदा लिहून द्यावा, एकाच कंपनीविरुद्धच्या तक्रारी एकत्र नोंदून ठेवाव्यात. कारण एका माणसाचा ओरखडा हा किरकोळ वाद ठरतो. तसल्याच पन्नास ओरखड्यांची नोंद पुढे ठेवली की ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मागणीही स्पष्ट असावी. पुराव्यावाचून कपात नको. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी अनामतीला हात नको. आणि नुकसानीचे मूल्यमापन कंपनीच्या नोकराने नव्हे, तर त्रयस्थाने करावे. पाच हजार रुपये ही कंपनीच्या हिशेबात क्षुल्लक रक्कम असेल. ज्याच्या महिन्याच्या पगारातून ती जाते त्याच्या घरी ती किराणा आहे, शाळेची फी आहे. ती कापायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एका पक्षाच्या हाती राहू नये, एवढीच साधी लोकशाही येथे हवी आहे.