व्यस्त फलनाचा अवकलज : नाथसागर आणि ज्यासारणी

एका राशीच्या प्रत्येक किमतीला दुसऱ्या राशीची एकच किंमत नेमून देणारा नियम म्हणजे फलन, आणि दुसरीवरून पहिली निश्चितपणे काढता येत असेल तर तो उलटा नियम म्हणजे व्यस्त फलन होय. शेवगाव तालुक्याच्या उत्तरेस पसरलेल्या नाथसागर जलाशयात पातळी मोजून साठा ठरवला जातो. परंतु वरच्या धरणांतून इतके पाणी सुटले असे कळल्यावर फुगवट्याच्या काठावरील शेतकऱ्याला पातळी किती चढेल हे हवे असते, म्हणजे त्याचा प्रश्न व्यस्त फलनाचा असतो. पातळीमागे साठा ज्या दराने वाढतो तो दर, अर्थात साठ्याचा अवकलज, त्या पातळीवरील जलपृष्ठाच्या क्षेत्रफळाएवढा असतो. म्हणून साठ्यामागे पातळी चढण्याचा दर त्या क्षेत्रफळाचा व्यस्तांक ठरतो. 1522 फुटांच्या पूर्ण पातळीजवळ पृष्ठ सुमारे 350 चौरस किलोमीटर धरले, तर एक टीएमसी, म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर पाणी पातळी जेमतेम 8 सेंटीमीटर चढवते, आणि पृष्ठ निम्मे असते तेव्हा तेच पाणी ती 16 सेंटीमीटर चढवते. व्यस्तांक घ्यायचा तो परस्परांशी जुळणाऱ्या बिंदूवरच, ही अट विद्यार्थी सूत्र पाठ करूनही हमखास विसरतात.

याच नियमाचे जुने रूप भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात आढळते. वर्तुळाच्या चतुर्थांशाचे प्रत्येकी 225 कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) 24 भाग करून, 3438 त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक भागाअखेरची ज्या, म्हणजे आजच्या साइनला त्रिज्येने गुणून येणारी लांबी, तेथे दिली आहे. लागोपाठच्या दोन ज्यांमधील फरकास खंड म्हणतात. चापावरून ज्या काढताना उरलेल्या कलांना पुढील खंडाने, म्हणजे भोग्यखंडाने, गुणून 225 ने भागतात. ज्येवरून चाप काढताना मात्र 225 ने गुणून भोग्यखंडाने भागतात. उदाहरणार्थ, ज्या 2000 असेल, तर तिच्या अलीकडची नववी ज्या 1910 आणि भोग्यखंड 183 असल्याने उरलेल्या 90 च्या सुमारे 111 कला होतात, व त्या नऊ भागांच्या 2025 कलांत मिळवून चाप सुमारे 2136 कला येतो. आधुनिक गणिताने येणाऱ्या उत्तराशी यात एखाद-दोन कलांचाच फरक पडतो, हे साध्या त्रैराशिकाच्या मानाने कौतुकास्पदच.

भास्कराचार्यांनी पुढे क्षणोक्षणी बदलणारा भोग्यखंडही सांगितला: कोटिज्येला, म्हणजे कोसाइनच्या रेषेला, 225 ने गुणून त्रिज्येने भागावे. हा भागाकार 225 ने भागला, की ज्येचा अवकलज कोटिज्या भागिले त्रिज्या असा येतो, आणि तो उलटा केला, की ज्येवरून चाप काढणाऱ्या फलनाचा अवकलज त्रिज्या भागिले कोटिज्या असा मिळतो. त्रिज्या 1 मानली, तर पाठ्यपुस्तकातील साइनच्या व्यस्त फलनाचे सूत्र हेच: एकमधून ज्येचा वर्ग वजा करावा, बाकीचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याने एकास भागावे.

या सूत्राची खरी कसोटी सारणीच्या शेवटी लागते. पहिला खंड 225 आहे, तर तेविसावी ज्या 3431 व चोविसावी 3438 असल्याने शेवटचा खंड अवघा 7 उरतो. त्यामुळे तेथे ज्येत एका कलेची चूक झाली, तर चाप सुमारे 32 कलांनी चुकतो. 90 अंशांना कोटिज्या शून्य होते, शून्याने भागता येत नाही, आणि त्या बिंदूवर व्यस्त फलनास अवकलजच राहत नाही. म्हणून 90 अंशांच्या आसपासचा चाप ज्येवरून न काढता कोटिज्येवरून काढणे श्रेयस्कर, कारण तेथे कोटिज्या त्याच 225 कलांत 225 वरून शून्यावर येते.