पाणबुड्याचे घड्याळ, धानाच्या मुलखात

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. नवेगावबांधचा तलाव आहे, इटियाडोह आहे, गावोगावी बोड्या आहेत. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही मी दोनशे मीटर पाण्याचा दाब सोसणारे घड्याळ मागवले.

या घड्याळांचा साचा १९५३ सालचा. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी 'फिफ्टी फॅदम्स' निघाले आणि त्याच सुमारास रोलेक्सने 'सबमरीनर' घडवले. काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठिपके, काचेभोवती फिरणारी कडी. सबमरीनरची किंमत आज लाखांत! म्हणून मायक्रोब्रँड, म्हणजे मोजक्या माणसांच्या छोट्या कंपन्या, त्याच वळणाचे घड्याळ काढतात आणि त्यावर स्वतःचे नाव घालतात. याला म्हणायचे 'होमाज', थोरल्याला केलेला नमस्कार. रोलेक्सचेच नाव छापून जे विकतात ती नक्कल, आणि तो कायद्याने गुन्हा. होमाज म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र रूप उसने आहे, हे कबूल केलेले बरे.

घेताना मी आधी आतले यंत्र पाहिले. ते सैको समूहाचे 'एनएच ३५' आहे. हाताच्या हालचालीवर चावी भरते, काढून ठेवले तरी सुमारे ४१ तास चालते. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे, एवढा फरक कंपनीच गृहीत धरते. मोबाइल याहून कितीतरी अचूक. पण हे यंत्र इतक्या घड्याळांत असते की बिघडले तर अख्खे बदलता येते. छोट्या कंपनीचा काय भरवसा? एचएमटीसारख्या मोठ्या सरकारी कंपनीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झालाच की! वडिलांची 'जनता' आजही चालते, ती आमच्या घड्याळजींनी जुन्या घड्याळांचे सुटे भाग जपून ठेवलेत म्हणून.

एक मात्र ध्यानात ठेवा. मागचे झाकण एकदा उघडले की आतली रबरी कडी नीट बसवून दाबाची तपासणी करावी लागते. ती होईपर्यंत घड्याळ तलावात नेऊ नये.

मला सर्वांत आवडली ती बाहेरची कडी. ती एकाच दिशेने फिरते. धक्का लागून सरकली तर गेलेली मिनिटे जास्तच दाखवते, म्हणजे पाणबुड्या लवकर वर येतो, उशिरा नाही. मी तिच्यावर धानाला पाणी देणाऱ्या मोटारीची वेळ लावतो. कडी सरकलीच, तर मोटार जरा आधी बंद होते, एवढेच.