वहाण सगळ्यांच्या पायात

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साखर कारखान्यात चरकावर काम करणारा माणूस. शाळा फार झाली नाही. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा विद्वत्तेचं भाषण माझ्याकडून व्हायचं नाही. समितीने यंदा ऊसतोड मजुरांच्या मुलांना बूट देण्याचा विचार मांडला आहे, त्याविषयीच चार शब्द बोलतो.

बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठेही जा. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की बीड, अहिल्यानगरकडची बिऱ्हाडं येऊन उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. पोरंही संगतीला. मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन पहाटेच फडात. तोडलेल्या रानात उसाची खोडकी टोकं वर करून उभी असतात, वरून पाचट पडलेलं, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नाही. त्यावर अनवाणी पाय पडला म्हणजे काय होतं, ते इथल्या कितीतरी जणांना ठाऊक आहे. आणि कोप्यांच्या आसपास जिथे लोक उघड्यावर बसतात, तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्यात बसून रक्त पितो. पोर पांढरंफटक पडतं. म्हणून बंधूंनो, बूट ही चैन नव्हे.

आपल्या समाजाला तर हे सांगायलाच नको. माझे आजोबा सांगायचे, वाड्यावरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे. मेलेलं ढोर ओढायचं आम्ही, कातडं कमवायचं ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी, आणि गावातून तो पायात घालून चालायची बंदी आम्हा सगळ्यांनाच! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना नीटनेटकं लुगडं नेसा, अंगावरची हीनपणाची खूण टाका, असं सांगितलं ते उगीच नाही. अंगावर काय आहे आणि पायात काय आहे, यावरून माणसाची किंमत ठरवणारी ही व्यवस्था होती.

आता भगवंतांची एक गोष्ट सांगतो. विनयपिटकातल्या महावग्गात ती आहे. चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा सोण कोळिविस भिक्खू झाला. अतिशय सुकुमार. चालत चालत साधना करताना त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने भरली. भगवंत म्हणाले, सोण, तू नाजूक आहेस, एका पदराची वहाण वापरत जा. सोण काय म्हणाला? सगळ्या संघाला परवानगी मिळत असेल तर मीही वापरीन, नाहीतर मला एकट्याला नको. तेव्हा भगवंतांनी साऱ्या संघाला वहाणेची मोकळीक दिली. पालीत तिला ‘उपाहना’ म्हणतात. आपली वहाण त्याच घराण्यातली.

हे लक्षात ठेवून आता जगाकडे बघू. २००६ साली अमेरिकेत टॉम्स नावाची कंपनी निघाली. तिचे मालक ब्लेक मायकोस्की अर्जेंटिनात फिरायला गेले होते, तिथे त्यांनी अनवाणी पोरं पाहिली. एक जोड विकला की एक जोड गरीब पोराला फुकट, अशी योजना त्यांनी काढली. स्वयंसेवक देशोदेशी जाऊन आपल्या हाताने पोरांच्या पायात बूट घालत. हेतू चांगला, त्याला नावं ठेवू नयेत. पण एल साल्वाडोर देशात अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा पोरांच्या जगण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. बऱ्याच पोरांकडे बूट आधीच होते. आणि बूट मिळालेल्यांत, आमच्या घरची गरज दुसऱ्यांनी भागवावी, असं म्हणणारी पोरं जास्त निघाली. ही शेवटची गोष्ट मला डाचते. पाय झाकला आणि मान खाली गेली, तर काय मिळवलं? पुढे त्या कंपनीनेही ती पद्धत बदलली.

आपल्याकडे शासनाने २०२३ साली सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरवलं. मुलामागे १७० रुपये धरले. पण वाटप शाळेतून व्हायचं. ऊसतोडीच्या पोराचं नाव गावच्या पटावर, आणि पोर इथे आपल्या फडात! त्याच्या हाती ते कधी पडायचं?

म्हणून माझ्या समितीला चार सूचना आहेत. पहिली, १४ एप्रिलला स्टेजवर वाटप नको. तोवर पट्टा पडून टोळ्या गावी गेलेल्या असतात. हंगाम सुरू होताच, थंडी पडायच्या आत द्या. दुसरी, आधी कोपीवर जाऊन प्रत्येक पोराचा पाय कागदावर आखून घ्या. अंदाजाने आणलेला बूट चावतो आणि दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात पडतो. तिसरी, फोटो नको, हार नको. आई-बापाच्या हातात जोड द्या, म्हणजे पोराच्या पायात तो त्याचा बाप घालील. आणि एका तळावर गेलात तर जात न विचारता तिथल्या सगळ्या पोरांना द्या. पैसे कमी पडले तर तळ एकच घ्या, पण त्यातलं एकही पोर उघड्या पायाने राहता कामा नये. सोणाची अट हीच होती.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. बूट घालून त्या पोराने जायचं कुठे? फडातच? २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक पोराला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. गाव सोडून आलेल्या पोराला जवळच्या शाळेने बसवून घेतलंच पाहिजे. आपल्या तरुणांनी बुटाबरोबर त्या पोराचं बोट धरावं आणि त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन हजेरीपटावर नाव घालावं. मास्तर कुरकुरले तर नम्रपणे कायदा दाखवावा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे, तो आपल्याच पोरांपुरता नाही.

दान मोठं की लहान हे पैशावर ठरत नाही. घेणाऱ्याची मान ताठ राहिली की नाही, यावर ठरतं. ज्यांच्या बापजाद्यांनी वहाणा हातात घेऊन गाव ओलांडलं, त्यांना हे कळायलाच पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!